शंखजिऱ्याचा लॉट परत आला: कणांचा आकार मोजायला कोणते यंत्र घ्यावे?

मकरपुराकर | मंगळवार, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमची खनिजे दळण्याची लहानशी गिरणी आहे. छोटा उदेपूरकडचा डोलोमाइट आणि राजस्थानातून येणारे शंखजिरे, ज्याला बाजारात सगळे टाल्क म्हणतात, असे दोनच माल आम्ही दळतो आणि ते रंगवाल्यांना व प्लॅस्टिकवाल्यांना देतो. वडिलांच्या काळापासून आमची तपासणी म्हणजे 45 मायक्रॉनची चाळणी (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पाण्याची बादली, मऊ ब्रश आणि माल टाल्क असेल तर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. एवढ्या सरंजामावर तीस वर्षे निभावली.

गेल्या महिन्यात एका नव्या गिऱ्हाइकाने टाल्कचा नऊ टनांचा लॉट परत पाठवला. आमच्या चाळणीवर शंभर ग्रॅमपैकी अर्धा ग्रॅमही उरला नव्हता. त्यांनी मात्र बाहेरच्या एका प्रयोगशाळेचा लेझर यंत्राचा रिपोर्ट जोडला होता आणि त्यात डी-90 हा आकडा 52 मायक्रॉन होता, म्हणजे दहा टक्के माल 52 च्या वर. एकाच गोणीतली भुकटी एकीकडे जवळजवळ सगळी 45 च्या खाली आणि दुसरीकडे दहा टक्के 52 च्या वर, हे कसे, ते मला उमगत नाही. ट्रकचे जातायेताचे भाडे आमच्याच माथी बसले, ते वेगळेच.

धाकटा भाऊ म्हणतो की कर्ज काढून लेझरचे यंत्रच घेऊन टाकू. मला वाटते, हलवणारे यंत्र आणि चाळण्यांचा चांगला संच पुरेल. या क्षेत्रातल्या जाणत्यांनी सांगावे की आमच्यासारख्याने नेमके काय घ्यावे.

रंगारी | मंगळवार, रात्री 10.05

मी रंगाच्या कारखान्यात आहे, पण तुमचा माल परत करणारा मी नव्हे, हे आधी स्पष्ट करतो. आमच्याकडे भुकटी आली की शेवटचा निकाल हेगमन गेजवर लागतो. पोलादाच्या पट्टीवर एक खाच असते, ती एका टोकाला 100 मायक्रॉन खोल असते आणि दुसऱ्या टोकाला शून्यावर येते. रंग ओतायचा, पाते ओढायचे आणि ठिपके कुठून दिसू लागतात ते तिरप्या उजेडात पाहायचे. त्याच्या मापनपट्टीवर 4 म्हणजे 50 मायक्रॉन आणि 6 म्हणजे 25. सरासरी कण किती मोठा आहे, याच्याशी रंगवाल्याला फारसे देणेघेणे नसते. भिंतीवर खरखर आणणारे मोजके मोठे कण किती आहेत, यावर त्याचा जीव अडकलेला असतो. म्हणून यंत्र निवडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा की त्याला भुकटीची सरासरी हवी आहे की वरचे टोक.

विक्रेता_पण_माणूस | मंगळवार, रात्री 10.50

मी प्रयोगशाळेची यंत्रे विकतो, तेव्हा माझा प्रतिसाद चिमूटभर मीठ घालूनच वाचावा. मकरपुराकर, तुमचे नवे गिऱ्हाईक लेझरच्या भाषेत बोलते आहे आणि पुढची गिऱ्हाइकेही तेच बोलणार आहेत. लेझर डिफ्रॅक्शनचे यंत्र एक मायक्रॉनच्याही खालपासून दोन-तीन हजार मायक्रॉनपर्यंतचे वितरण दोन मिनिटांत देते. चाळणीवर तेवढ्या वेळात तुमचा माणूस ब्रशसुद्धा ओला करत नाही. आज ना उद्या घ्यावेच लागणार असेल, तर आजच का घेऊ नये?

वस्त्रगाळ | बुधवार, सकाळी 7.15

आमची रावपुऱ्यात आयुर्वेदिक औषधांची पेढी आहे. आजोबांच्या वेळी चूर्णाची कसोटी नावातच होती, वस्त्रगाळ. पांढरे धोतर जुने झाले की त्याला बढती मिळून ते प्रयोगशाळेत जाई. आता आम्ही 85 नंबरची चाळणी वापरतो, म्हणजे 180 मायक्रॉन. लेझर वगैरे वाचून आजोबांचा फोटो भिंतीवर किंचित तिरका झाला आहे.

निवृत्त_विश्लेषक | बुधवार, सकाळी 11.30

मकरपुराकर, तुमच्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे, फक्त ते शंखजिऱ्याच्या आकारात दडले आहे. मी औषधांच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे काढली, त्यांतली बरीचशी चाळण्या आणि सूक्ष्मदर्शकापुढे गेली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

डोलोमाइट फुटतो तो ठोकळ्यांसारखा. शंखजिरे अभ्रकासारखे पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. आता चाळणीचे छिद्र पाहा. 45 मायक्रॉन ही त्या चौकोनाची बाजू आहे. त्याचा कर्ण साधारण 63.6 मायक्रॉन भरतो. साठ मायक्रॉन व्यासाचा आणि जेमतेम दोन मायक्रॉन जाडीचा पापुद्रा त्या छिद्रापाशी उभा राहिला, तर कोपऱ्यातून कोपऱ्यात बिनबोभाट खाली उतरतो. आणि तुम्ही त्याला ब्रशने मदत करता आहात! लेझरला ही पळवाट ठाऊक नसते. तिथे कणावरून किती कोनात प्रकाश पांगला ते मोजतात. मोठा कण अरुंद कोनात पांगवतो, लहान कण रुंद कोनात. त्या नमुन्यावरून यंत्र गणित करते की हा प्रकाश गोल कणांनी पांगवला असता तर त्यांचे व्यास किती असते. त्यामागचे गणित गुस्ताव मी यांनी 1908 साली गोलासाठी मांडले. तुमचा पापुद्रा गोल नाही हे त्या गणिताला कोण सांगणार? त्यामुळे पसरट कणांच्या बाबतीत लेझरचा आकडा चाळणीपेक्षा मोठा येणे यात कोणाचीच लबाडी नाही.

दुसरे, तुमची चाळणी किती वर्षांची आहे? रिकामी चाळणी उजेडाकडे धरा आणि कडेने, जिथे जाळी चौकटीला जोडलेली असते तिथे, बोट न लावता नीट न्याहाळा. आमच्याकडे एकदा तीन आठवडे सगळे लॉट झक्क पास होत होते. शेवटी जोडाच्या कडेला नखाएवढी चीर सापडली. माल चाळला जात नव्हता, तिथून सांडत होता. इतक्या बारीक जाळीवर ब्रश चालवला की तारा सरकतात आणि छिद्रे फाकतात. अशी चाळणी अल्ट्रासोनिक बाथमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी थरथरणाऱ्या पाण्यात, धुवावी.

मकरपुराकर | बुधवार, दुपारी 2.10

काका, कर्णाचा हिशेब वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. चाळणी वडिलांनी घेतलेली आहे, म्हणजे वय विचारू नका. उजेडाकडे धरून पाहिली. चीर नाही, पण मध्यभागी जाळीला पोक आले आहे.

विक्रेता_पण_माणूस | बुधवार, दुपारी 3.00

पोक आलेली चाळणी म्हणजे वजनकाट्याच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच. ती आजच निवृत्त करा.

सुपली | बुधवार, रात्री 9.20

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना भुकटीशास्त्र शिकवते. निवृत्त काकांचे कर्णाचे म्हणणे पटले, तरी सगळा दोष आकारावर टाकण्याची घाई करू नये असे मला वाटते. मकरपुराकरांच्या पहिल्या मजकुरात एक गोष्ट आहे जिच्यावरून सगळे पुढे निघून गेले, ती म्हणजे साबणाचे दोन थेंब. शंखजिऱ्याला पाणी आवडत नाही. ते पाण्यावर तरंगते आणि त्याच्या गुठळ्या होतात. तुमच्या वडिलांना हे अनुभवाने माहीत होते. त्या बाहेरच्या प्रयोगशाळेला माहीत होते का? नुसत्या पाण्यात टाल्क टाकून मोजले, तर यंत्र प्रामाणिकपणे गुठळ्यांचा व्यास सांगेल, आणि जोरजोराने ढवळले तर हवेचे बुडबुडेही मोजून देईल. ते साधारण शंभर मायक्रॉनच्या आसपास एक भुताटकीचे शिखर उभे करतात. कोरडे मोजले असेल, तर हवेचा दाब किती होता हा प्रश्न येतो, कारण दाब कमी पडला तर गुठळ्या सुटत नाहीत आणि फार झाला तर कणच फुटतात.

तुमच्या हातात एक फुकटचा साक्षीदार आहे. डोलोमाइट! तो पाण्यात सहज भिजतो आणि त्याचे कण ठोकळ्यांसारखे असतात. त्याच प्रयोगशाळेत, त्याच यंत्रावर तुमचा डोलोमाइटही मोजून घ्या. डोलोमाइटचे दोन्ही आकडे जुळले आणि टाल्कचेच बिघडले, तर यंत्र ठीक आहे आणि भानगड टाल्कच्या भिजण्यात किंवा आकारात आहे. मग टाल्क साबणासह आणि साबणाशिवाय असे दोनदा मोजून घेतले की भिजण्याचा वाटा किती आणि पापुद्र्यांचा किती, हे वेगळे काढता येईल. हे सगळे यंत्र विकत घेण्याच्या आधी.

नाना_मांजलपूर | गुरुवार, सकाळी 8.30

माझ्या पुतण्याच्या संस्थेत नॅनो कण मोजण्याचे यंत्र आहे, ज्याला डीएलएस म्हणतात. तो म्हणतो की नमुना द्या, मोजून देतो. मकरपुराकरांचे काम फुकटात होईल असे वाटते.

सुपली | गुरुवार, सकाळी 10.00

नाना, पुतण्याला धन्यवाद सांगा, पण ते यंत्र या कामाचे नाही. डीएलएसमध्ये द्रवात कण किती थरथरतात, म्हणजे त्यांची ब्राउनियन हालचाल, यावरून व्यास काढतात. कण स्वस्थ तरंगत असला पाहिजे, ही त्याची पहिली अट. द्रवात कण किती वेगाने बुडतो हे सांगणारा स्टोक्सचा नियम लावून पाहा. टाल्कची घनता पाण्याच्या सुमारे 2.7 पट धरली, तर 10 मायक्रॉनचा गोल कण पाण्यात एक सेंटिमीटर अंतर दोन मिनिटांच्या आत खाली जातो आणि 45 मायक्रॉनचा पाच-सहा सेकंदांत. मोजणी सुरू होईपर्यंत तुमचा माल क्युवेटच्या, म्हणजे नमुन्याच्या छोट्या पारदर्शक भांड्याच्या, तळाशी आडवा पडलेला असेल आणि यंत्र वर राहिलेल्या धुळीचा सुंदर आलेख काढून देईल. आमच्याकडे एका विद्यार्थ्याने असेच करून दळलेल्या दगडाचा व्यास 300 नॅनोमीटर आणला होता. दगड बोटांत चोळला तरी खरखरत होता.

वस्त्रगाळ | गुरुवार, सकाळी 10.20

बोट हे एकमेव यंत्र आहे ज्याला एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, लागत नाही.

इंदूरकर | गुरुवार, दुपारी 1.45

मी पीथमपूरला गोळ्यांच्या कारखान्यात आहे, बडोद्याला सासुरवाडी. औषधवाल्यांना माल द्यायचा विचार असेल तर खर्चाचा हिशेब निराळा होतो. तिथे यंत्र आणून भिंतीजवळ ठेवले म्हणजे झाले असे नसते. ते बसवल्याची, चालल्याची आणि तुमच्या कामावर खरे उतरल्याची अशी तीन टप्प्यांची कागदपत्रे लागतात, संगणकावर कोणी कधी काय बदलले याची पुसता न येणारी नोंद लागते, आणि ठरलेल्या मुदतीने प्रमाणित काचगोळ्यांवर यंत्र तपासावे लागते. आमच्याकडे यंत्राच्या किमतीवर महिनाभर घासाघीस झाली आणि या बाकीच्या गोष्टींचा खर्च कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. रंगवाल्यांसाठी एवढे लागत नाही, पण भावाने कर्जाचा आकडा मांडताना यंत्राबरोबर वर्षाची देखभाल आणि ते चालवणाऱ्या माणसाचा पगार धरला आहे का, ते विचारा.

विक्रेता_पण_माणूस | गुरुवार, सायंकाळी 6.30

इंदूरकरांनी माझ्या धंद्याचे गुपित चव्हाट्यावर मांडले, तेव्हा मीही एक मांडतो. यंत्र दाखवायला आलेला विक्रेता बरोबर काचेचे गोळे आणतो. त्यांचे आकडे दर वेळी छान येतात, कारण ते गोल असतात, भिजतात आणि भांडत नाहीत. त्याला बसवा, चहा द्या आणि स्वतःचे शंखजिरे पुढे करा. एकाच नमुन्याचे पाच भाग त्याच्याकडून मोजून घ्या. आयएसओ 13320 या मानकाच्या जुन्या आवृत्तीत पुनरावृत्तीची मर्यादा मधल्या आकड्याला, म्हणजे डी-50 ला, 3 टक्के आणि डी-10 व डी-90 ला 5 टक्के अशी सांगितली होती. 10 मायक्रॉनखालच्या मालाला त्याची दुप्पट सवलत होती. पाच आकडे त्यात बसले नाहीत तर बिल फाडू देऊ नका. यंत्र माझे असले तरीसुद्धा.

निवृत्त_विश्लेषक | गुरुवार, रात्री 8.50

पाच भाग कसे करायचे, हे मात्र तुम्ही सांगितले नाही आणि घोडे तिथेच पेंड खाते. नऊ टनांतून लेझरच्या पेल्यात जातो एखादा ग्रॅम. मकरपुराकर, लॉटचा नमुना तुम्ही कुठून घेता?

मकरपुराकर | गुरुवार, रात्री 9.15

काका, खरे सांगायचे तर ट्रकमध्ये वरच्या थरातल्या दोन गोण्यांचे तोंड सोडून चमचाभर.

निवृत्त_विश्लेषक | गुरुवार, रात्री 9.40

चेवड्याचा डबा स्कूटरवरून घरी आणला की दाणे वर येतात आणि मीठ-हळद तळाशी बसते, हे कोणत्याही बडोदेकराला सांगावे लागू नये. ट्रकमध्ये गोणीचे तेच होते. गोणीच्या तोंडातून घेतलेला चमचा त्या गोणीचा प्रतिनिधी नसतो, लॉटचा तर नाहीच. गिरणीतून भुकटी पडत असतानाच ठरावीक वेळाने धारेच्या पूर्ण रुंदीतून भांडे फिरवून थोडा थोडा नमुना घ्यावा आणि मग तो फिरत्या रिफ्लरने, म्हणजे नमुना सारख्या भागांत वाटणाऱ्या साधनाने, लहान करत आणावा. ढीग करून चार भाग पाडण्याची जुनी रीत मी आयुष्यभर केली आणि आयुष्यभर तिच्यावर विश्वास ठेवला नाही. रिफ्लरला कोणी यंत्र मानत नाही, प्रदर्शनात त्याच्यापुढे कोणी उभे राहत नाही, पण तुमच्या पैशांतला पहिला हप्ता मी त्याच्यावर खर्च करीन.

विक्रेता_पण_माणूस | गुरुवार, रात्री 9.55

काका, त्याच्यावर आम्हाला मिळणारे कमिशनही तितकेच लहान असते.

रंगारी | शुक्रवार, सकाळी 9.10

एक सुचवणी. 45 मायक्रॉनच्या आसपासच्या हलक्या, चिकटणाऱ्या भुकटीला नुसते हलवणारे यंत्र उपयोगी पडत नाही. माल जाळीवर गोळा होऊन नाचत बसतो. त्यासाठी एअर-जेट चाळणी पाहा. खालून फिरत्या फटीतून हवेचा झोत जाळीवर मारतात आणि तीच हवा बारीक माल ओढून नेते. ब्रश नाही, बादली नाही, एक चाळणी पाच-दहा मिनिटांत होते. वरचे टोक पकडण्यासाठी आम्ही हेच वापरतो.

मकरपुराकर | सोमवार, दहा दिवसांनी, रात्री 10.20

मंडळी, सुपलीताईंनी सांगितले तसेच केले. आकडे देतो.

त्या प्रयोगशाळेला फोन केला. रिपोर्टवर फक्त आलेख आणि तीन आकडे होते. नुसत्या पाण्यात, गुठळ्या सोडवणारा अल्ट्रासाउंड न लावता मोजले होते, हे विचारल्यावर कळले. तिथल्या मुलीने अगदी सौजन्याने सांगितले की गिऱ्हाइकाने दुसरे काही मागितले नव्हते. मग नवा नमुना गिरणीच्या धारेतून घेऊन तिच्यासमोर बसलो. डोलोमाइटचा डी-90 आला 38, आणि आमच्या नव्या चाळणीशी तो छान जुळला. टाल्क नुसत्या पाण्यात पुन्हा 51. भिजवणारे द्रव्य घालून आणि एक मिनिट अल्ट्रासाउंड देऊन तोच टाल्क 44, आणि डी-98 आला 61. पेल्यात पाहत होतो. आधी वर पांढरी साय धरल्यासारखे दिसत होते, थेंब पडल्यावर ती साय एकदम खाली गेली. वडील असते तर हसले असते.

म्हणजे 51 चे 44 झाले ते भिजण्यामुळे. चाळणीवर मात्र 45 च्या वर अर्धा टक्काही राहत नाही, तिथे काकांचा कर्ण दिसतो. 61 चा पापुद्राही कोपऱ्यातून निसटणारच. ताईंनी दोन्ही वेगळे काढून दाखवले.

सुपली | सोमवार, रात्री 10.45

पाच मिनिटे अल्ट्रासाउंड देऊनही एकदा पाहिले का? आकडा 44 वर थांबला तर गुठळ्याच सुटत होत्या. तो उतरतच राहिला तर पापुद्रे फुटत आहेत आणि तुम्ही प्रयोगशाळेत बसून आणखी दळण घालता आहात.

मकरपुराकर | सोमवार, रात्री 11.00

पाहिले. एक मिनिटाला 44, दोनला 44, पाचला 42. मोजमाप एक मिनिटावर ठरवले.

गिऱ्हाइकाशीही बोललो. माल कोणत्या पद्धतीने मोजायचा, कोणते द्रव्य आणि किती वेळ अल्ट्रासाउंड, हे आता त्यांच्या खरेदीपत्रात लिहिले जाईल आणि परत आलेला लॉट ते याच रीतीने पुन्हा तपासून बघणार आहेत. भावाशी दोन दिवस वाद झाला आणि शेवटी असे ठरले की या वर्षी एअर-जेट चाळणी, फिरता रिफ्लर आणि मोजपट्टी असलेला साधा सूक्ष्मदर्शक घ्यायचा, आणि लेझर दर लॉटला बाहेरून करून घ्यायचे. महिन्याला आमचे आठ-दहा लॉट असतात. ते तीस-चाळीसवर गेले की कर्जाचा विषय पुन्हा काढायचा, असे भावाने माझ्याकडून वदवून घेतले आहे.

विक्रेता_पण_माणूस | मंगळवार, सकाळी 9.00

माझे मोठे कमिशन बुडाले, पण हिशेब बरोबर आहे. आठ-दहा लॉटांसाठी मीही लेझर घेतले नसते. चाळणी मागवताना फक्त मेशमध्ये, म्हणजे इंचातल्या छिद्रांच्या आकड्यात, बोलू नका.

मकरपुराकर | मंगळवार, सकाळी 9.25

का? आमचे सगळे गिऱ्हाईक 300 मेश, 400 मेश असेच बोलते.

निवृत्त_विश्लेषक | मंगळवार, सकाळी 10.10

कारण ब्रिटिश मालिकेत 300 म्हणजे 53 मायक्रॉन, आणि अमेरिकी मालिकेत 300 हा आकडाच नाही. तिथे 270 म्हणजे 53 आणि त्यानंतर थेट 325 म्हणजे 45. जाड मालात आणखी गंमत होते. 30 मेश ब्रिटिश असेल तर 500 मायक्रॉन आणि अमेरिकी असेल तर 600. ऑर्डरवर छिद्राचे माप मायक्रॉनमध्ये लिहा आणि चाळणीबरोबर प्रमाणपत्र मागा. सूक्ष्मदर्शक आला की कळवा, मी मकरपुऱ्याला येतो. पहिली स्लाइड शंखजिऱ्याची नको, त्या पोक आलेल्या चाळणीची लावू.

वस्त्रगाळ | मंगळवार, सकाळी 10.30

मीही येतो. आजोबांच्या धोतराचा तुकडा अजून कपाटात आहे, त्याची छिद्रे किती मायक्रॉनची ते एकदा मोजून द्या.